पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत अनपेक्षित गाठ आढळल्यास काय करावे

पित्ताचे खडे झाले म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढले जाते, खडे डबीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जातात आणि काढलेल्या पित्ताशयाचे पुढे काय झाले, हे बहुधा कोणी विचारत नाही. वास्तविक विचारायचे तेच असते. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांपैकी साधारण शंभरात एका किंवा त्याहूनही कमी पित्ताशयांत कर्करोग निघतो, आणि पुष्कळदा तो शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे पित्ताशय बायोप्सीला पाठवले आहे याची खात्री करून घ्यावी आणि टाके दाखवायला जाल तेव्हा रिपोर्ट आवर्जून मागावा.

कधी गाठ शस्त्रक्रिया चालू असतानाच दिसते. यकृताचा भाग काढण्याचा अनुभव नसलेल्या सर्जनने अशा वेळी गाठीला धक्का न लावता थांबणे आणि रुग्णाला अनुभवी हातांकडे पाठवणे, हा माझ्या मते प्रामाणिक निर्णय आहे. ‘ऑपरेशन अर्धवट सोडले’ म्हणून नातेवाइकांनी त्याला दोष देऊ नये, कारण पित्ताशय फुटून पित्त पोटात सांडले तर कर्करोगाच्या पेशी पसरण्याचा धोका वाढतो.

कर्करोग बायोप्सीत कळला असेल, तर रिपोर्टमध्ये सर्वप्रथम गाठ पित्ताशयाच्या भिंतीत किती खोल गेली आहे ते पाहावे. ती केवळ आतल्या अस्तरापुरती, म्हणजे ‘टी १ ए’ असेल आणि कापलेल्या कडा स्वच्छ, म्हणजे कर्करोगाच्या पेशींविना असतील, तर झालेली शस्त्रक्रिया सहसा पुरेशी ठरते. स्नायूच्या थरात (‘टी १ बी’) किंवा त्याच्या पलीकडे गेली असेल, तर रुग्णाची प्रकृती साथ देत असल्यास आणि आजार अन्यत्र पसरलेला नसल्यास दुसरी शस्त्रक्रिया सुचवली जाते, जिच्यात पित्ताशयालगतचा यकृताचा भाग आणि जवळच्या लसीका ग्रंथी काढतात. पित्ताशयाच्या नळीच्या कापलेल्या टोकाशी कर्करोग आहे का, याचा उल्लेख रिपोर्टमध्ये नसेल, तर तो मागून घ्यावा.

त्यानंतर कागदपत्रे गोळा करावीत. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. सविस्तर ऑपरेशन नोट लागते, कारण पित्त सांडले का आणि पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढले का, हे तिच्यातूनच कळते. पॅथॉलॉजी लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (काढलेल्या पित्ताशयाचे मेणात जपून ठेवलेले तुकडे) मागून घ्यावेत. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जायचे असो वा पुण्यातच दुसरे मत घ्यायचे असो, नुसत्या झेरॉक्सवर फेरतपासणी होत नाही.

छाती व पोटाचा सीटी स्कॅन करून आजार किती पसरला आहे ते पाहतात. दुसरी शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी करण्याची घाई नसते, परंतु महिनोन्‌महिने थांबणेही घातक आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ४ ते ८ आठवड्यांचा काळ योग्य मानला जातो. गंगेच्या खोऱ्याच्या तुलनेत महाराष्ट्रात हा कर्करोग कमी आढळतो, म्हणून ‘अशा शस्त्रक्रिया आपण नियमित करता का?’ हे सर्जनना न संकोचता विचारावे. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी लागेल का, याचा निर्णय दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या बायोप्सीनंतर होतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला (रुग्णांना योजनेसाठी मदत करणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याला) भरती होण्याआधीच भेटावे आणि रेशन कार्ड, आधार कार्ड व बायोप्सीचा मूळ रिपोर्ट सोबत न्यावा.