वीज बिल उतरवायचे तर आधी रात्री मीटर बघा

मोबाइलचा चार्जर पिनमधून काढून ठेवा, असा सल्ला कुणी दिला की मी विषय बदलते. रिकामा लटकणारा चार्जर महिन्याला अर्धा युनिटही खात नाही. तसल्या काटकसरीने घरातल्यांची भांडणे वाढतात, बिल तसेच राहते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले आमचे घर पाच माणसांचे. विहीर आहे, इन्व्हर्टर आहे आणि मार्च-एप्रिलपासून एका खोलीत एसी चालतो. बिल आटोक्यात आणायला मला दोन वर्षे लागली, तुम्हाला एक रविवार पुरेल.

आधी मागच्या बारा महिन्यांची बिले काढा आणि रुपये सोडून फक्त युनिट वहीत उतरवा. रुपयांत दर, मंजूर भारावरचा स्थिर आकार, इंधन व वीज खरेदीचा अधिभार असे सगळे मिसळलेले असते आणि त्यातले काहीही आपल्या हातात नसते. गोव्यात घरगुती विजेचे टप्पे १००, २००, ३०० आणि ४०० युनिटांवर बदलतात. टप्पा ओलांडला की सगळेच युनिट महाग होतात, ही समजूत खोटी आहे. वरचे तेवढेच महाग पडतात. म्हणूनच वाचवलेला प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महाग दराचा असतो.

आता खरे काम. घरात कुणी काही वापरत नसताना मीटर किती पळतो, ते मोजायचे. इथेच मी फसले होते. बिल चढले तसा मी फ्रिजवर संशय घेतला, जुना आहे म्हणून. हप्त्यावर नवा पाच तारे वाला आणला. पुढच्या महिन्यात जेमतेम वीस युनिट कमी झाले आणि हप्ता मात्र दीड वर्ष भरला. चोर दुसराच होता. तेव्हा मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका, अगदी कुणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी.

मोजणी अशी. रात्री सगळे झोपले की टॉर्च घेऊन मीटरपाशी जा. हात कशालाच लावायचा नाही, सील तर नाहीच नाही, नुसते बघायचे. नव्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींचा एक युनिट ते मीटरवरच छापलेले असते. आमच्याकडे ३२०० आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद, म्हणून ३६ लाखांना त्या आकड्याने भागले की आले ११२५. आता दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर बघा आणि दहाने भागा. समजा एका लुकलुकीला ९ सेकंद लागले, तर ११२५ भागिले ९ म्हणजे १२५ वॅट. अखंड चालणारा एक वॅट महिन्याला ०.७२ युनिट खातो, म्हणजे १२५ वॅटचे झाले ९० युनिट. घर झोपलेले असताना.

एकदा मोजून भागत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो, म्हणून फ्रिज अर्धा तास बंद करून पुन्हा मोजा. दार उघडू नका, आतली मासळी कुठे जात नाही. इन्व्हर्टर असेल तर त्याचे येणारे कनेक्शन सगळ्यात आधी बंद करा. हे मला कुणी सांगितले नव्हते. मी एकेक एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डावरचा खटका, पाडत गेले, ती वीज इन्व्हर्टरने बॅटरीतून दिली आणि एमसीबी वर केल्यावर तीच बॅटरी भरायला तो मीटरवरून ओढू लागला. आकडे असे उलटसुलट आले की मी वही मिटून झोपायला गेले.

दुसऱ्या रात्री इन्व्हर्टर आणि फ्रिज दोन्ही बंद करून मीटरपुढे स्टूल टाकून बसले. दिवा संथ लुकलुकत होता आणि मध्येच मिनिटभर वेड्यासारखा लखलखू लागला. मग पुन्हा संथ. चार-पाच मिनिटांनी परत तेच. कान दिल्यावर मागच्या बाजूने बारीक घरघर ऐकू आली. न्हाणीघरात पाण्याला जोर यावा म्हणून बसवलेला प्रेशर पंप होता तो. संडासच्या फ्लशमधून पाण्याची दोऱ्याएवढी धार गळत होती. त्यामुळे पाइपातला दाब उतरायचा आणि पंप आपोआप सुरू व्हायचा, रात्रभर, कित्येक महिने. धार इतकी बारीक की भांड्यात पाणी हलतानाही दिसत नव्हते. फ्लशच्या टाकीत हळद कालवली, तेव्हा तासाभरात भांड्यात पिवळे उतरले. रबराचा वॉशर बदलला आणि त्या महिन्यात सत्तरच्या वर युनिट कमी झाले. फ्रिजचा हप्ता अजून चालूच होता.

तुमच्याकडे दोषी वेगळा निघेल. सेट-टॉप बॉक्स, जुनी इन्व्हर्टर बॅटरी, चालूच राहिलेला गिझर, विहिरीच्या पंपाचा गळका फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप). एकेक एमसीबी पाडत मोजत गेलात की सापडतोच.

रात्रीचा चोर पकडल्यावर बाकीचे सोपे आहे. ७५ वॅटचा जुना पंखा दिवसाला पंधरा तास फिरला तर महिन्याला ३४ युनिट जातात, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या पंख्याला १३ लागतात. जास्त फिरणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. एसी २६ वर ठेवा आणि जोडीला पंखा लावा.

आंघोळीचे पाणी आमच्याकडे अजून भाणीत, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या हंड्यात, तापते. परसात नारळाची सोडणे (सालपटे), करवंट्या, चुडते (सुकलेल्या झावळ्या) पडलेलीच असतात आणि सासूबाईंना गिझरचे पाणी "अळणी" लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गिझर दहा मिनिटे आधी लावावा आणि आंघोळीला शिरताना बंद करावा, आपल्या हवेत तेवढे पुरते.

गॅसवर सगळ्यात जास्त वेळ घेतो तो उकडा तांदूळ. रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला लावा, दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करून कुकर जाड गोणपाटात गुंडाळून ठेवा. पेजेच्या वेळेपर्यंत शीत मऊ होते. कडधान्यालाही हेच.

छपरावर सौर पॅनेल घालायचे असेल तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण विक्रेत्याला बोलावण्याआधी डिसेंबरातल्या एका दुपारी छपरावर उभे राहून माडांची सावली कुठवर येते ते बघा. आमच्याकडे तीन वाजताच अर्धे छप्पर झाकते, म्हणून आम्ही थांबलो आहोत.

पैशांचे म्हणाल तर बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज करून ३६५ने भागा आणि तेवढी रोजची पिग्मी, म्हणजे घरी येऊन रोज थोडे पैसे नेणारी बचत ठेव, लावा. मे महिन्यातले बिल पगारातून भरायला गेलात की किराण्याला कात्री लागते. आमचा पिग्मीवाला संध्याकाळी सहाला येतो. मे-जूनची बिले त्यातूनच जातात आणि उरते त्यात चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार होतो.