जोडीदाराची नवी रोड बाईक तिच्या मापाची कशी करावी

कोल्हापूर-पन्हाळा रस्त्यावर वाघबीळच्या थोडं अलीकडे बायको सायकलवरून उतरली आणि हातमोजे काढून बोटं झाडायला लागली. "अहो, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालंय. ब्रेक किती दाबलाय तेच कळेना." सायकल घेऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी तिच्यासाठी हलक्या चाकांची चौकशी करत होतो. त्या संध्याकाळी ती चौकशी थांबवली आणि मोजपट्टी हातात घेतली.

नवऱ्यासाठी, बायकोसाठी, ज्या कुणासाठी तुम्ही सायकल सजवणार असाल, त्यांच्या शरीराचे तीन भाग सायकलला टेकतात: बैठक, हात आणि पाय. आधी हे तीन जुळवा. कार्बनची चाकं, हलका सीटपोस्ट (सीटखालची दांडी) वगैरे त्यानंतर. खाली सांगितलेला क्रमही तसाच पाळा, कारण सीट हलली की हँडलचं अंतर बदलतं. उलट्या क्रमानं गेलात तर तेच काम दोनदा करावं लागेल.

हत्यारं फार लागत नाहीत. ४, ५ आणि ६ मिमीची ॲलन की, मोजपट्टी, गवंड्याकडचा ओळंबा, ग्रीस आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते सांगणारा पाना. टॉर्क रेंच महाग वाटतो, पण स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपासच आवळायचे असतात आणि हाताला तो अंदाज येत नाही. बहुतेक भागांवर आकडा छापलेला असतो, तोच पाळा.

फ्रेम आधी तपासा

फ्रेमच मोठी असेल तर पुढचं काही करू नका, सायकल बदलून घ्या. बायकोची उंची ५ फूट २ इंच. एका दुकानात मोठी फ्रेम दाखवून "काय होत नाही ओ, सीट खाली घेतली की बसतंय की" असं सांगितलं होतं. सीट खाली जाते हे खरं, पण हँडल जवळ येत नाही. आम्ही लहान साईज येईपर्यंत थांबलो.

लहान फ्रेमची एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. चाकं मोठ्या फ्रेमसारखीच, ७०० मापाची असल्यामुळे अगदी हळू वेगात तीव्र वळण घेताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. वेगात हे होत नाही, कारण तेव्हा हँडल एवढं वळतच नाही. पण गल्लीत यू-टर्न घेताना अचानक पाय अडकला तर माणूस घाबरून पडतो. तिला सायकलवर बसवून, स्वतः हँडल धरून, हे एकदा दाखवा. अशा वळणाला पेडल मारणं थांबवायचं आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय मागे ठेवायचा.

सीटची उंची

अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यावर दाब येतो तेवढं घट्ट वर सरकवायचं. पुस्तकाची कड भिंतीला टेकलेली हवी. वरच्या कडेला पेन्सिलची खूण करा आणि जमिनीपासून मोजा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमॉन्ड यांच्यामुळे हे गणित जगभर पोचलं. बायकोचं माप ७३ सेंमी आलं, म्हणजे ६४.५. क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) मधल्या बोल्टपासून सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवायचं.

ही फक्त सुरुवात आहे. सायकल भिंतीशेजारी उभी करून टाच पेडलवर ठेवायला सांगा. पेडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्यानं पेडल मारलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो. तिच्या मागे उभं राहून कंबर बघा. प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवी झुलत असेल तर सीट उंच आहे. पुढं काही दिवसांनी गुडघा समोरून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. एका वेळी ३ ते ५ मिमीच हलवा आणि मध्ये दोन-तीन राईड जाऊ द्या. आम्ही अखेर ६४ वर थांबलो.

पोस्ट किमान किती आत राहायला हवा याची खूण त्यावर असते, ती फ्रेमबाहेर दिसेल एवढा पोस्ट वर ओढू नका. धातूच्या पोस्टला ग्रीस लावा, पण फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट वापरा.

सीट पुढे-मागे

दोन्ही क्रँक आडवे ठेवा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. दोरी पेडलच्या आसाजवळ पडली की झालं. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ढकलणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यानं हातांवरचा भार आणखी वाढतो आणि गुडघ्याचं गणितही बिघडतं. हँडल लांब असेल तर हँडलच जवळ आणायचं.

बैठक

चप्पल ओळीत मापाची कोल्हापुरी करून घेताना कारागीर कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवतो, तसंच हे माप. जाडसर नालीदार पुठ्ठा घ्या, खोक्याचा चालेल. तो जिन्याच्या पायरीवर ठेवा आणि पातळ कपड्यांत त्यावर बसायला सांगा. गुडघे थोडे वर, अंग किंचित पुढे झुकलेलं. अर्धा मिनिट बसून उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. उजेड तिरका पाडला तर ते नीट उठून दिसतात. बोटानं चाचपून दोन्हींचे मध्य शोधा आणि अंतर मोजा.

आमच्या पुठ्ठ्यावर ते १२.५ सेंमी निघालं. त्यात दोन-अडीच सेंमी मिळवले की सीटची रुंदी मिळते, म्हणजे साधारण १५० मिमी. सायकलबरोबर आलेली सीट १४३ ची होती, आम्ही १५५ ची बसवली. बायकांना रुंद सीट लागतेच असं धरून चालू नका. पुष्कळदा लागते, पण पुठ्ठा सांगेल ते खरं.

मऊ गादीच्या मोहात पडू नका. जास्त मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. मध्ये खाच असलेली, बेताची कडक सीट लांबच्या राईडला बरी. सुरुवातीला ती लेव्हल ठेवून सपाट बसवा आणि पुढं दाब जाणवला तर टोक एखादा अंश खाली करा. गादी हवी ती सायकलिंग शॉर्टमध्ये. त्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, शिवण घासून जखम होते. हे सांगायला पुष्कळांना संकोच वाटतो आणि जोडीदार महिनाभर विनाकारण सोसत राहते.

हात: इथंच सगळ्यात जास्त वेळ द्या

वाघबीळची बधिर बोटं बरी झाली ती इथं.

पहिलं बघा, ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोट पोचतं का. ब्रेकच्या वरच्या रबरी मुठीवर, म्हणजे हूडवर, हात ठेवून पहिलं बोट लिव्हरवर टाकायला सांगा. बोटाचं पहिलं पेर लिव्हरला पूर्ण वेढलं पाहिजे. तिच्या बोटाचं फक्त टोक पोचत होतं. म्हणून ती अख्खा तळवा पुढे सरकवून हूडच्या कडेवर भार देत होती आणि करंगळीकडची नस दाबली जात होती. बहुतेक लिव्हरमध्ये रबराखाली किंवा वरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. नंतर ब्रेक पुरेसा लागतो का ते बघा. तारेचा ब्रेक असेल तर तार थोडी ताणावी लागते. लिव्हर पूर्ण दाबूनही हँडलला टेकता कामा नये.

दुसरं, कुठला हात पुढचा ब्रेक लावतो? बायको रोज स्कूटर चालवते आणि तिथं उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. सायकलवरही तसाच हवा. काही सायकलींवर तो डाव्या हाताला असतो. अचानक कुणी आडवं आलं तर हात सवयीनंच चालतो. तारेचे ब्रेक घरी अदलाबदल करता येतात, हायड्रॉलिक असतील तर मेकॅनिककडे न्या.

तिसरं, स्टेम. हूडवर हात असताना कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे सैल हवेत. कोपर ताठ असेल तर हँडल लांब आहे. आमचा स्टेम १०० मिमीचा होता, तो काढून ८० चा घातला. ७० च्या खाली मी जाणार नाही, कारण हँडल फार चंचल होतं. उंचीसाठी स्टेमच्या वरचे स्पेसर, म्हणजे कड्या, खाली घाला. आधी स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग वरची टोपी काढा, स्पेसर बदला, टोपी परत लावा. टोपीचा बोल्ट हँडलमधला खेळ जाईल एवढाच आवळायचा. चाक आणि स्टेम एका रेषेत आणून मगच बाजूचे बोल्ट आलटून पालटून आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. खट्‌ आवाज आला तर खेळ राहिलाय, हँडल जड फिरलं तर जास्त आवळलंय. तारा स्टेमच्या आतून जात असतील तर हा उद्योग घरी करू नका.

हँडलची रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराएवढी धरा. लहान चणीच्या माणसाला ३८ किंवा ४० सेंमी पुरतं.

शेवटी टेप. रंग तिला निवडू द्या. आमच्या घरी जोतिबाच्या गुलालाचा रंग आलाय. हँडलच्या टोकापासून सुरुवात करून, ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढवत जा. पण आधीची सगळी मापं पक्की होईपर्यंत नवी टेप लावू नका.

डोंगरासाठी गिअर

पन्हाळा कोल्हापूर शहरापासून सुमारे २० किमीवर आहे आणि गड खालच्या सपाटीपासून ४०० मीटरहून जास्त उंच. तिथं पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील, तर मिनिटाला ६० फेऱ्या मारताना ताशी ९ किमीच्या वर वेग ठेवावा लागतो. तेवढा दम नसेल तर फेऱ्या मंदावतात आणि गुडघ्यावर जोर येतो. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लावली की तेवढ्याच फेऱ्यांत ताशी पावणेआठ चालतं. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, किती दात पेलतो ते आधी बघा. उदाहरणार्थ, शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेतला आखूड डिरेलर ३० पर्यंतच जातो, मध्यम लांबीचा ३४ पर्यंत. मोठ्या कॅसेटला चेनही बहुधा लांब लागते.

टायर, पेडल आणि किरकोळ

फ्रेममध्ये जागा असेल तर २५ ऐवजी २८ मिमीचे टायर घाला. गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांतून पडलेला ऊस आणि रस्त्याच्या उखडलेल्या कडा यांतून जाताना फरक लगेच कळतो. टायरवर छापलेला दाब कमाल असतो, तेवढी हवा भरायची नसते. ५५ किलोच्या माणसाला ट्यूबसह पुढे ६० आणि मागे ६५ पीएसआयपासून सुरुवात करा.

पेडल पहिला महिना साधीच ठेवा. बसवताना डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे विसरू नका. पेडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट घ्यायचे झाले तर दोन बोल्टचे घ्या, त्यावर चालता येतं. स्प्रिंग अगदी सैल ठेवून तपोवन मैदानासारख्या मोकळ्या जागी पाय सोडवायचा सराव करून घ्या.

लहान फ्रेममध्ये बाटली वरून निघत नाही, म्हणून बाजूनं उघडणारा पिंजरा लावा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

चाचणी

पहिली राईड रंकाळ्याभोवती, खिशात ॲलन की ठेवून. दुसरी कळंब्याकडे. जोतिबा किंवा पन्हाळा तिसऱ्या आठवड्यानंतर. प्रत्येक राईडनंतर "कशी वाटली?" असं विचारू नका, "छान" असंच उत्तर येतं. बोटं, मान, कंबर, बैठक, गुडघे, तळपाय, एकेक नाव घेऊन विचारा.

दोन-तीनशे किमी झाल्यावर नव्या तारा सैल पडतात, तेव्हा गिअर आणि ब्रेक परत जुळवून घ्या. सगळे बोल्टही एकदा तपासा. मापं वहीत लिहा आणि सीटपोस्टवर, फ्रेमला लागून, इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून ठेवा. परवा सर्व्हिसिंगहून सायकल आली तेव्हा टेप फ्रेमला न भिडता सेंटिमीटरभर वर सरकलेली होती. सीट आवळताना कुणीतरी टेप ढकलली असेल म्हणून मी वही काढायला गेलो. तोवर बायकोनं मोजपट्टी लावली होती. ६५ भरलं. तिनंच पाच नंबरची ॲलन की घेतली आणि सीट ६४ वर आणली.