हायड्रॉलिक फायटर रोबोट करताय? या चुका टाळा

गोव्याच्या सावर्डे-कुडचडे पट्ट्यात खाणींमुळे हायड्रॉलिकचे जाणते मेकॅनिक आहेत. जुन्या पोकलेनचा सिलिंडर, होज (तेलाची जाड नळी), व्हॉल्व्ह असलं सामान तिथं शोधलं तर मिळतं. त्यामुळे रोबोटांच्या झुंजीसाठी क्रशर, म्हणजे समोरच्याला जबड्यात धरून चिरडणारा रोबोट, करावासा वाटणं साहजिक आहे. पहिलाच रोबोट असेल तर माझं मत विचाराल तर नकोच. दुसरा असेल तर वाचा.

गळती बोटाने शोधू नका. होजला सुईएवढं भोक पडलं की धार दिसतही नाही, नुसतं धुकं दिसतं. ते तेल कातडी फोडून आत घुसतं, आणि त्याला ७ बार (प्रेशरचं माप) सुद्धा पुरतात. तुमचा पंप त्याच्या कितीतरी पट देतो. वरून मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, म्हणून लोक घरी जातात. आत मात्र बोट सडायला लागतं. सरळ बांबोळीला जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा आणि ‘प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा; बोट चिरून साफ करावं लागतं आणि त्यासाठी मोजकेच तास हातात असतात. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवायचा.

पंपाजवळ रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर ठरलेल्या मर्यादेवर गेलं की तेल सोडून देणारा) लावला म्हणून निर्धास्त राहू नका. कंट्रोल व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत असताना बहुधा सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद होतात. तेवढ्यात समोरच्या रोबोटच्या स्पिनरने (गरगर फिरणाऱ्या हत्याराने) जबड्यावर दणका दिला, तर आत कोंडलेल्या तेलाचं प्रेशर उसळतं आणि पंपाकडच्या रिलीफला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून सिलिंडरच्या बाजूलाही रिलीफ हवा. काही नियमावल्यांत सिलिंडरमधल्या प्रेशरची मर्यादा २,५०० पीएसआय, म्हणजे सुमारे १७२ बार असते. तुमच्या स्पर्धेचा आकडा आयोजकांना विचारून घ्या. ४० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरला एवढ्यावर दोन टनांहून जास्त जोर येतो. रिलीफचा स्क्रू गेज लावल्याशिवाय फिरवायचा नाही, आणि त्यासाठी टेस्ट पॉइंट, म्हणजे गेज जोडायचं तोंड, आधीपासून बसवलेला हवा.

अॅक्युम्युलेटरचा, म्हणजे प्रेशरखाली तेल साठवणाऱ्या नळकांड्याचा, मोह आवरा. मोटर बंद केली तरी त्यात प्रेशर भरलेलं राहतं, म्हणून त्यावर सहसा बंदीच असते.

‘बसतंय ना, मग चालेल’ म्हणून आटे जुळवू नका. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे पाइपचे आटे) आणि एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) दोन्हींना इंचाला १४ आटे. सुरुवातीचे आटे छान फिरतात, पण कोन वेगळा असल्याने पक्कं बसत नाही. वर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर तिचे तुकडे व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या दांड्यात) अडकतात. सरळ आट्यांच्या बीएसपीला डाउटी वॉशर (आत रबराची कडा असलेला धातूचा वॉशर) लावा. जुन्या मशीनचा होज तर वापरूच नका. नवा क्रिम्प करून (टोकांना फिटिंग दाबून बसवून) घ्या.

जबडा झटके देत हलत असेल तर तेलात हवा आहे. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय. पावसाळ्यात टाकीच्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या झाकणातून) दमट हवा आत जातेच. पंप कुरकुरत असेल तर आधी सक्शनची, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूची, जाळी बघा.

कुठलंही फिटिंग उघडण्याआधी बॅटरी काढा, जबडा जमिनीवर टेकवा, व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना हलवून प्रेशर सोडा आणि गेज शून्यावर आलाय का ते बघा.