डायव्हिंगचा रेग्युलेटर उघडलाय? साफ करताना या चुका टाळा

पावसाळ्यात मालवणात डायव्हिंग बंद होतं आणि माझ्या टेबलावर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला पुरवणारी उपकरणं, यायला लागतात. काही वर्षाच्या सर्व्हिसला, काही ‘घरी साफ केला, तेव्हापासून हवा गळतेय’ म्हणून. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातून त्याच त्या दोन चुका झालेल्या असतात.

पहिली म्हणजे व्हिनेगरमध्ये भाग टाकून विसरणं. फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाची, बॉडी बहुतेक वेळा पितळेची असते, वर क्रोमचा मुलामा. खाऱ्या पाण्याने तिच्यावर हिरवी कळक आणि पांढरे क्षार धरतात. व्हिनेगर ते सोडवतं, पण क्षार संपले म्हणून आम्ल थांबत नाही. मुलाम्याला जिथे बारीक टोचा असेल तिथून ते पितळेत शिरतं. दोन वर्षांपूर्वी एका पोराने रात्री भाग भिजत घातले आणि सकाळी काढले. बॉडी माझ्याकडे आली तेव्हा कडांचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटला होता आणि खालचं पितळ गुलाबी पडलं होतं. जस्त निघून गेलं की वर तांबं उरतं, त्याचा तो रंग. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बसते ती खाच खरखरीत झालेली. नवीन ओ-रिंगा घातल्या, नवीन सीट (धारेवर टेकून हवा बंद करणारा तुकडा) घातली, तरी पाण्यात धरल्यावर बुडबुडे येतच राहिले. शेवटी बॉडी भंगारात गेली. चिंच लावलेला पितळी तांब्या आपल्या घरात कुणी रात्रभर तसाच ठेवत नाही. मग ज्यावर श्वास अवलंबून आहे ती वस्तू कशी ठेवता?

मी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच कोमट पाणी घेतो, 5 मिनिटांचा टायमर लावतो आणि तिथेच बसतो. मग नायलॉनचा मऊ ब्रश. डाग उरला तर आणखी 5 मिनिटं. त्यानंतर खायच्या सोड्याचं पाणी आणि शेवटी दोनदा डिस्टिल्ड पाणी. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी साफ करणारं) मशीन असलं तर वेळ आणखी कमी करा, कारण त्यात आम्ल जोरात काम करतं. अ‍ॅल्युमिनियम, रबर आणि प्लास्टिक आम्लात घालूच नका, त्यांना भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी पुरतं.

व्हिनेगरने भागलं नाही म्हणून त्यात ब्लीच ओतू नका. क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो बंद खोलीत जिवावर बेततो.

भांड्यांची पावडर आणि तारेचा ब्रश या टेबलावर नको.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त छळते. जुनी ओ-रिंग निघत नाही म्हणून सुई, सेफ्टी पिन, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, जे हाताला लागेल ते घालायचं. स्टील पितळेपेक्षा कठीण असतं. खाचेत केसाएवढा ओरखडा पडला तरी सिलिंडरच्या 200 बार दाबाची हवा तिथून वाट काढते. सीट ज्या धारेवर टेकते तिला टोचा पडला तर आणखी वाईट: इंटरमीडिएट प्रेशर (दोन स्टेजमधला दाब) हळूहळू चढत जातं आणि सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आपोआप हवा सोडायला लागते. मी आधी दोन बोटांनी ओ-रिंग दाबून तिचा फुगवटा वर आणतो आणि तो पकडून ओढतो. नाहीच जमलं तर पितळेचा किंवा प्लास्टिकचा पिक (बारीक टोकाचं अवजार). यात पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यावीत. घाई असेल तर त्या दिवशी रेग्युलेटर उघडूच नये.

काढलेली ओ-रिंग परत वापरू नका. फर्स्ट स्टेजचा फिल्टर धुऊ नका, बदला. पुसायला सुती फडकं नको, त्याचा धागा सीटखाली जाऊन बसतो. कोकणातल्या पावसाळी हवेत भाग लवकर सुकत नाहीत, म्हणून मी ते रात्रभर सुकायला झाकून ठेवतो. रेग्युलेटर 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनवर वापरायचा असेल तर तेल आणि सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ऑक्सिजनसाठीचंच ग्रीस लागतं, आणि ते काम शिकलेल्या माणसाकडेच द्या.

जोडणी झाल्यावर इंटरमीडिएट प्रेशर मोजायचं गेज लावा, सेकंड स्टेज मात्र जोडलेली असू द्या. आतलं प्रेशर भलतंच चढलं तर तीच ते बाहेर सोडते. साधारण 9 ते 10 बार दिसतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. सेकंड स्टेजवरचं पर्ज (हवा सोडायचं) बटण दहा-बारा वेळा दाबा आणि मग काही मिनिटं नुसती गेजची सुई बघत बसा. ती वर सरकत राहिली तर पुन्हा उघडा.