कोंबडी शेवटपर्यंत उघडा: पक्षिरोगनिदानात नव्याने येणाऱ्यांसाठी

परजीवीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी सांगली जिल्ह्यात कुक्कुट रोगनिदानाच्या कामाला लागले, तेव्हा माझा सगळा भरवसा सूक्ष्मदर्शकावर होता. कोंबडीतल्या आयमेरिया या एकपेशीय परजीवीच्या सातही जाती, त्यांची आतड्यातली जागा आणि ऊसिस्टचे (विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या त्यांच्या कवचदार अवस्थेचे) आकार मला तोंडपाठ होते. या क्षेत्रात येणाऱ्यांना एवढे ठाऊक असतेच, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मला ज्या एका चुकीने गाठले, तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण ती चूक अभ्यास कमी पडल्याने झाली नव्हती.

विट्याच्या बाजूला चार हजार ब्रॉयलरचे एक शेड होते. पिल्ले २४ दिवसांची असताना मर लागली. मी चार मेलेली पिल्ले उघडली. ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) उभा चिरल्यावर आतल्या बाजूला पांढरट आडव्या रेघा दिसल्या, त्या जागेची खरवड काचपट्टीवर घेतली आणि भिंगाखाली ऊसिस्ट सापडले. मांडीच्या स्नायूंवर लाल ठिपके होते, पण पिल्ले पकडताना मार लागला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. अहवालात कॉक्सिडिओसिस (आयमेरियामुळे होणारा आतड्याचा रोग) लिहिले, पाण्यातून त्यावरचे अँप्रोलियम हे औषध द्यायला सांगितले आणि सहाव्या दिवशी मर जवळजवळ थांबली. "मॅडम, औषध लागू पडलं बघा," असा मालकांचा फोन आला. तो दिवस मला फार आनंदाचा गेला.

पुढच्या बॅचला, त्याच शेडमध्ये, २३ व्या दिवशी पुन्हा मर लागली. या वेळी माझ्यासोबत आमच्या प्रयोगशाळेतले एक वरिष्ठ डॉक्टर आले होते. मी सवयीप्रमाणे आतड्याला हात घातला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "मागच्या वेळी बर्सा बघितला होता का?" मी बघितला नव्हता. बर्सा म्हणजे पिल्लांची प्रतिकारशक्ती घडवणारी छोटी पिशवी. त्यांनी आतडी एका बाजूला सारली आणि गुदद्वाराच्या वर, पाठीच्या कण्याकडच्या बाजूला बोट ठेवले. बर्सा सुजून दुप्पट झाला होता, त्याच्यावर पिवळसर जेलीसारखा थर होता आणि कापल्यावर आतल्या घड्यांवर रक्ताचे ठिपके दिसत होते. मांडीवरचे ठिपकेही तसेच होते. तो गंबोरो, म्हणजे बर्सावर हल्ला करणारा विषाणूजन्य रोग होता आणि आधीच्या बॅचलाही गंबोरोच झाला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

या सापळ्याला तीन पदर आहेत. पहिला असा की जमिनीवर, तुसाच्या गादीवर वाढणाऱ्या पिल्लांत थोडेफार ऊसिस्ट सापडणारच. ते सापडले म्हणजे त्यांनीच पिल्ले मारली असे ठरत नाही. जॉन्सन आणि रीड यांनी १९७० साली मांडलेली शून्य ते चार अशी जखमांची गुणपद्धत आपण सगळे शिकतो. त्या दिवशी मी प्रामाणिकपणे गुण दिले असते, तर एकाहून जास्त गुण निघाले नसते, आणि एक गुणाच्या जखमांनी रोज तीस-चाळीस पिल्ले मरत नाहीत. दुसरा पदर असा की गंबोरोचा विषाणू बर्सातल्या बी लिम्फोसाइट पेशी नष्ट करतो, प्रतिकारशक्ती खचते आणि मग आतड्यात एरवी दबून असलेला आयमेरिया डोके वर काढतो. म्हणजे मला दिसलेले ऊसिस्ट खरे होते, पण ते मागून आले होते. तिसरा पदर सर्वांत घातक आहे. गंबोरोची मर तीन-चार दिवसांत शिगेला पोहोचते आणि आठवड्याच्या आत आपोआप ओसरते. मधल्या काळात जे औषध चालू असेल, त्याला यश मिळते. रोग आपल्या गतीने उतरला आणि श्रेय अँप्रोलियमला, म्हणजे मला मिळाले. चुकीचे निदान बरोबर ठरल्यासारखे वाटले की माणूस पुढची तपासणीच करत नाही.

याची किंमत मालकांनी मोजली. हा विषाणू रिकाम्या शेडमध्येही महिनोन्‌महिने तग धरतो. माझ्या अहवालावर विसंबून त्यांनी गादी बदलली, पण लसीकरणाकडे कोणी पाहिले नाही. दुसऱ्या वेळी चौकशी केली तेव्हा कळले की पाण्याच्या टाकीत रोजच्याप्रमाणे ब्लीचिंग पावडर पडत होती आणि त्याच पाण्यातून गंबोरोची लस दिली जात होती. क्लोरीनने लसीतला जिवंत विषाणू निकामी होतो. लसीच्या दिवशी ब्लीचिंग न टाकलेले पाणी वापरणे, त्यात लिटरला सुमारे अडीच ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर घालणे आणि पिल्लांना आधी तास-दोन तास तहानलेले ठेवून दोन तासांच्या आत पाणी संपवणे, एवढ्यानेच ती बॅच वाचली असती. हे मला पहिल्याच भेटीत विचारता आले असते, म्हणून त्याची रुखरुख आजही आहे.

उलट्या बाजूनेही सावध राहावे लागते. आयमेरिया टेनेलामध्ये अंधनालात (आतड्याच्या शेवटाकडच्या बंद टोकाच्या नळ्यांत) रक्तस्राव होऊन पिल्लू लागणीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशीच दगावते आणि ऊसिस्ट त्यानंतर बाहेर पडू लागतात. विष्ठेत काही सापडले नाही म्हणून रक्ती हगवण नाही, असे लिहून मोकळे होऊ नका. अंधनाल चिरा, खरवड पाहा, शायझाँट (परजीवीची पेशींच्या आत वाढणारी अवस्था) शोधा.

हा प्रश्न कोंबड्यांपुरता नाही. शिराळ्याकडच्या एका सर्पमित्रांनी वनविभागाच्या ताब्यातील धामणीची विष्ठा तपासायला आणली होती. तिच्यात कृमींची अंडी भरपूर होती आणि मी जंताचे औषध सुचवण्याच्या बेतात होते. थोडे थांबून मोजमाप घेतले, तेव्हा ती उंदरातल्या सूत्रकृमींची अंडी निघाली. धामणीने उंदीर खाल्ला होता आणि उंदराचे परजीवी तिच्या आतड्यातून नुसते पुढे निघाले होते. सापाच्या विष्ठेत काही दिसले, तर आधी त्याचे भक्ष्य आठवा.

मार्गदर्शकांविषयी माझे मत ठाम आहे. काचपट्टीवर नजर टाकून लगेच नाव सांगणारा मार्गदर्शक नवख्याला पांगळा करतो. "अजून काय पाहिलेस?" असे विचारून थांबणारा माणूस शोधा, मग तो प्राध्यापक असो की वीस वर्षे शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभा असलेला परिचर. व्हॉट्सॲपवर आलेल्या विष्ठेच्या फोटोवरून औषध सांगण्याची पद्धत मला मान्य नाही, मग ती कितीही रुळलेली असो. त्याच सवयीतून अँप्रोलियमसोबत बी-कॉम्प्लेक्सची बाटली दिली जाते. अँप्रोलियम थायामिनची (बी-कॉम्प्लेक्समधल्या बी-१ जीवनसत्त्वाची) जागा अडवूनच काम करते. सोबत थायामिन पाजले तर औषधाचा जोर आपणच कमी करतो.

एका बाबतीत मात्र शेवटपर्यंत उघडण्याचा हा नियम बाजूला ठेवावा लागतो. एकाएकी मोठी मर लागली असेल, तुरे आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे पडले असतील, डोकी सुजली असतील, तर सुरीला हात लावू नका. महाराष्ट्राने २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू पाहिला आहे. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगप्रतिबंधक कायद्याने अशी माहिती शासनाला देणे बंधनकारक आहे आणि अंतिम तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. पशुसंवर्धन विभागाला फोन करा आणि त्यांचे पथक येईपर्यंत शेडमधून काहीही बाहेर जाऊ देऊ नका.

हे वाचून धास्ती वाटली असेल, तर एवढे लक्षात घ्या की ही चूक सुधारायला महागडे यंत्र लागत नाही. त्या प्रसंगानंतर मी माझ्या नोंदवहीचे पान बदलले. आता त्यात अवयवांचा क्रम आधीच छापलेला असतो आणि बर्सा, प्लीहा, ग्रंथिल जठर यांचे रकाने भरल्याशिवाय मी सूक्ष्मदर्शकाकडे वळत नाही. मालकांना मी मेलेल्यांबरोबर दोन-तीन आजारी जिवंत पिल्लेही आणायला सांगते, कारण उन्हात चार तास पडलेल्या मृत पिल्लाच्या आतड्यात पाहण्यासारखे फारसे उरत नाही. बर्साचा एक तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये आणि एक बर्फावर ठेवते.

नोकरी लागण्याआधी हातात महिनाभर असेल, तर मिरजेत किंवा सांगलीत जवळच्या चिकन सेंटरवर सकाळी लवकर जा. मालकांना नीट ओळख सांगा, मागच्या भागाचा टाकाऊ माल बाजूला ठेवायला विनवा आणि हातमोजे घालून रोज दहा-पंधरा निरोगी बर्से उघडून पाहा. त्यांचा आकार, रंग आणि आतल्या उभ्या घड्या बोटांच्या ओळखीच्या होऊ द्या. सुजलेला किंवा आक्रसलेला बर्सा मला त्या दिवशी समोर येऊनही ओळखता आला नसता, कारण निरोगी बर्सा मी तोवर केवळ चित्रातच पाहिला होता.