बॉट तुमच्या लॅपटॉपवर चालतो, सर्व्हरवर का पडतो? नव्या आरपीए डेव्हलपरांनो, या चुका टाळा

आरपीए (रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन) म्हणजे संगणकावरची ठरलेली कामं बॉट या प्रोग्रामकडून करून घेणं. क्लिक टिपणारा रेकॉर्डर लावला, चार क्लिक केले की बॉट तयार होतो. नोकरीत मात्र खरं काम असतं ते बॉट अडखळला तर पुढे काय, याची सोय करण्याचं. मुलाखतीतले प्रश्नही बहुतेक तिथूनच निघतात.

यूआयपाथ, ऑटोमेशन एनीव्हेअर, ब्लू प्रिझम आणि पॉवर ऑटोमेट ही सगळी टूल्स एकदम शिकायला घेऊ नका. एक धरा. यूआयपाथची कम्युनिटी आवृत्ती शिकण्यासाठी मोफत मिळते. वाचलेला वेळ डेटाटेबल (ओळी-रकान्यांतला डेटा), स्ट्रिंग म्हणजे मजकुराची हाताळणी आणि थोड्या एसक्यूएलला (डेटाबेसची भाषा) द्या.

रेकॉर्डरने दिलेला सिलेक्टर तसाच ठेवणं

सिलेक्टर म्हणजे स्क्रीनवरचं बटण किंवा रकाना बॉटने ओळखायची खूण. त्यात आयडीएक्स दिसलं की सावध व्हा. ते फक्त 'असा कितवा घटक' एवढंच सांगतं, त्यामुळे स्क्रीनवर एक ओळ वाढली की क्लिक भलत्याच बटणावर पडतो. यूआयपाथमधलं यूआय एक्सप्लोरर (सिलेक्टर तपासण्याचं साधन) उघडा, आयडीएक्स काढा आणि स्थिर नाव किंवा आयडी निवडा. खिडकीच्या शीर्षकात बिल क्रमांक किंवा तारीख असेल तर बदलत्या भागाच्या जागी तारांकन टाका. सरावासाठी 'आरपीए चॅलेंज' ही साइट उत्तम: 10 फेऱ्या, 7 रकाने, आणि दर फेरीत रकान्यांच्या जागा बदलतात. तिथे जागेवर नाही, लेबलवर विसंबावं लागतं.

जागोजागी डिले टाकणं

डिले म्हणजे ठरावीक सेकंद थांबण्याची सूचना. एका नोंदीत 5 सेकंदांचे 6 डिले असतील, तर 100 नोंदींत 50 मिनिटं नुसती वाट पाहण्यात जातात. आणि ज्या दिवशी अॅप 7 सेकंद घेतं, त्या दिवशी बॉट पडतोच. त्याऐवजी घटक दिसेपर्यंत थांबणारी अॅक्टिव्हिटी (बॉटची तयार पायरी) वापरा; घटक आला की ती लगेच पुढे सरकते.

रिकामा कॅच

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ट्राय-कॅच लावला (ट्रायमध्ये काम, कॅचमध्ये एरर आली तर काय करायचं ते), कॅचमध्ये काहीच लिहिलं नाही, की बॉट 'यशस्वी' म्हणून संपतो आणि नोंदी मात्र गायब असतात. लाल एरर परवडली, कारण ती निदान दिसते. कॅचमध्ये कमीत कमी नोंदीचा क्रमांक आणि एररचा मजकूर लॉग करा, मग एरर पुढे फेका.

त्यासाठी दोन प्रकारच्या चुका, म्हणजे एक्सेप्शन, वेगळ्या ओळखाव्या लागतात. बिलावर रक्कमच नाही, हा बिझनेस एक्सेप्शन. दहादा चालवूनही रक्कम उगवणार नाही. अॅप लटकलं, हा सिस्टम एक्सेप्शन. इथे पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ऑर्केस्ट्रेटर (यूआयपाथचं बॉट सांभाळणारं सॉफ्टवेअर) मधली क्यू, म्हणजे नोंदींची रांग, फक्त दुसऱ्या प्रकाराला रिट्राय (पुन्हा प्रयत्न) देते. 'क्यूमध्ये रिट्राय 2 ठेवला, तरी नोंद परत का चालली नाही?' याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं की एक्सेप्शन चुकीच्या प्रकाराचं फेकलंय.

12 तारखेपर्यंत सगळं ठीक

तुमच्या मशीनवर तारखेत दिवस आधी, सर्व्हरवर महिना आधी. अशा वेळी 05/06 मुकाट्याने उलटं वाचलं जातं, 13 तारखेला बॉट फुटतो आणि तोवरचा चुकीचा डेटा सिस्टममध्ये गेलेला असतो. तारीख वाचताना पार्सएक्झॅक्ट ही आज्ञा वापरून स्वरूप स्वतः सांगा.

दिवसा चालतो, रात्री पडतो

आधी रिझोल्यूशन तपासा. अनअटेंडेड (माणूस समोर नसताना चालणाऱ्या) सत्रात ते वेगळं असू शकतं, मग चित्र ओळखून केलेले क्लिक चुकतात. रोबॉटच्या सेटिंगमध्ये रुंदी आणि उंची ठरवून द्या. नंतर फाइलचा पत्ता पाहा. तुमचा झेड ड्राइव्ह रोबॉटच्या खात्यात जोडलेला असेलच असं नाही, म्हणून पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा आणि तोही कोडमध्ये नाही, कॉन्फिग फाइलमध्ये. पासवर्डची जागा ऑर्केस्ट्रेटरच्या क्रेडेन्शियल अॅसेटमध्ये (पासवर्ड सुरक्षित ठेवण्याची सोय).

पोर्टफोलिओत फक्त सुरळीत चाललेला बॉट दाखवणं

प्रमाणपत्रं पुष्कळांकडे असतात. त्यापेक्षा गिटहबवर एकच प्रकल्प ठेवा, पण इनपुट फाइलमधल्या तीन नोंदी मुद्दाम बिघडवा: एकीत रक्कम रिकामी, एकीत तारीख चुकीची, एक दुबार. चालू असताना मध्येच अॅप बंद करा आणि बॉट पुन्हा सुरू करा. आधी पूर्ण झालेल्या नोंदी परत भरल्या जात नाहीत आणि तिन्ही बिघाड कारणासकट अहवालात येतात, हे दाखवणारा लॉग प्रकल्पासोबत जोडा.