होडी परवडत नाही म्हणून विकताय? आधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत आम्ही चौघांनी होडी विकायचं जवळजवळ ठरवलं होतं. चौदा फुटी फायबरची होडी, मागं ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. रविवारी पहाटे हरिपूरला संगमेश्वराच्या देवळाखालून निघायचं, कृष्णेत वरच्या अंगाला जाऊन इंजिन बंद करून थोडा वेळ नुसतं बसायचं, ऊन तापायच्या आत घरी. एवढाच आमचा शौक. पण पेट्रोल २०२१ मध्ये शंभरी ओलांडून गेलं ते खाली उतरायचं नाव घेईना. फायबर सांधायचं रेझिन, लाइफ जॅकेट, मिस्त्रीची मजुरी, टेम्पोचं भाडं, सगळंच वाढत चाललं होतं.

विकायच्या आधी हिशेबाची वही काढली. वाटलं होतं पेट्रोलच जास्त खात असेल. निघालं भलतंच. पेट्रोलच्या नोंदी थोड्या, दुरुस्तीच्या नोंदी पानंच्या पानं, आणि त्यातल्या बहुतेक आमच्याच हातानं ओढवलेल्या. होडी चालवून खर्च वाढला नव्हता, ती उभी असताना तिच्याकडं न बघितल्यानं वाढला होता. म्हणून या चुका लिहून काढतोय. सांगली-साताऱ्यात स्वतःची होडी ठेवणारे मोजकेच, त्यांना तरी उपयोग होईल.

पुराआधी होडी नदीतच ठेवणं

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

कृष्णेचं पाणी किती लवकर चढतं हे सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एवढं डोळ्यांनी बघूनही २०२१ च्या जुलैत आम्ही होडी काठावरच्या बाभळीला आखूड दोरीनं घट्ट बांधून ठेवली. वाहून जाऊ नये एवढाच विचार. पाणी चढलं, दोरी चढली नाही. पुढचं टोक खाली ओढलं गेलं, होडी भरली आणि इंजिनासकट बुडाली.

ज्यांची हयात या नदीत गेली असे एक नावाडी मामा नंतर म्हणाले, "आवं पोरांनो, पाणी चढलं की नाव बी चढाय पायजे. दोरी लांब ठिवायची, न्हाईतर नाव घराकडं न्यायची." आता आम्ही जून संपायच्या आत होडी वर काढून एकाच्या शेतातल्या शेडमध्ये पालथी घालतो. टेम्पोचं भाडं लागतं, पण ते एका दुरुस्तीच्या मानानं काहीच नाही. फायबरची होडी तशीही बारा महिने पाण्यात ठेवू नये. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, ओल आत शिरते आणि तळाला फोड येतात.

त्या पुरात त्याहून मोठी चूक नंतर झाली. पाणी ओसरल्यावर इंजिन बाहेर काढलं, चिखल पुसला आणि "मिस्त्रीला वेळ मिळेल तेव्हा बघू" म्हणून आठ दिवस ठेवून दिलं. बुडालेलं इंजिन पाण्यात असेपर्यंत गंजायचा वेग कमी असतो. ते हवेत आलं की बेअरिंग, क्रँक, सिलिंडर तासातासाला गंजत जातात. म्हणून बाहेर काढल्या काढल्या स्वच्छ पाण्यानं धुवायचं, स्पार्क प्लग काढायचे, इंजिन आडवं-उलटं करून फ्लायव्हील (इंजिनाच्या वरचं जड चाक) हातानं फिरवत पाणी बाहेर काढायचं, कार्ब्युरेटर रिकामा करायचा, प्लगच्या भोकातून तेल सोडायचं आणि त्याच दिवशी इंजिन सुरू करायचं. फ्लायव्हील अडखळलं तर मात्र जोर लावू नका, आत काहीतरी वाकलेलं असतं. मिस्त्री दोन दिवसांनीच येणार असेल तर तोवर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण वाचवायचा हाच मार्ग आहे. आम्हाला हे माहीत नव्हतं. बेअरिंग गेली, आणि वहीतली सगळ्यात मोठी नोंद त्या आठ दिवसांची आहे.

टाकीत जुनं पेट्रोल ठेवणं

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसातून येतं आणि शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्यामुळं माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतली ओल धरतं हे होडीवाल्यानं लक्षात ठेवलंच पाहिजे. मोटारसायकल रोज फिरते, तिचं पेट्रोल टिकून राहत नाही. होडी महिनाभर उभी राहते, त्यातून नदीकाठची दमट हवा. ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन आधी तेच ओढतं. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल वाळून चिकट होतं, जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बुजतात. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्याही कडक होऊन तडकतात.

उपाय फुकट आहे. फेरीपुरतंच पेट्रोल आणायचं. काठाला येताना शेवटी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. उरलेलं पेट्रोल टू-स्ट्रोक तेल मिसळलेलं नसेल तर गाडीत ओतायचं. तेल मिसळतानाही डोळ्यांचा अंदाज नको. ५०:१ सांगितलं असेल तर पाच लिटरला १०० मिली. तेल कमी पडलं तर पिस्टन जातो, जास्त झालं तर प्लग काळे पडतात.

फुल थ्रॉटल म्हणजे मजा असं समजणं

साधा अंदाज असा, की पूर्ण थ्रॉटलवर दहा हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला साडेतीन-चार लिटर पेट्रोल पितं आणि २५ चं इंजिन नऊ लिटरच्या आसपास. आमच्या होडीत चौघे बसले की ती पाण्यावर उचलली जात नाही, पाणी ढकलत चालते. अशा होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. चौदा फुटी होडीसाठी ताशी नऊ किलोमीटरच्या पुढं गेलं की ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. तिथून पुढं थ्रॉटल वाढवला तर आवाज वाढतो, धूर वाढतो, वेग फारसा वाढत नाही. आम्ही ताशी सात-आठवर आलो आणि त्याच फेरीला पेट्रोल निम्म्याच्या आसपास लागायला लागलं. ठरलेल्या जागी पोचायला चार-पाच मिनिटं जास्त लागतात.

त्यात सगळे मागं बसले की पुढचं टोक वर जातं आणि इंजिन नुसतं जोर लावत राहतं. वजन मध्ये घ्या. तळाला शेवाळ असेल तर ब्रशनं घासून काढा. आत साचलेलं पाणी उपसा, दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे होडीत निदान दोन-तीन माणसं जास्त बसल्यासारखं आहे. आणि वल्ही कायम बरोबर ठेवा. होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारणारी आपल्याकडची पोरं बघितलीत तर कळेल, या नदीत पेट्रोलशिवायही खूप लांब जाता येतं. परतीच्या वाटेवर पाण्याची ओढ मदतीला असते तेव्हा आम्ही आता इंजिन वर उचलून ठेवतो.

मधेच इंजिन बंद पडलं की थेट मिस्त्रीला बोलावणं

मिस्त्री घाटावर आला की त्याच्या येण्याचेच पैसे होतात. त्याआधी क्रमानं बघा. किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) लाल दोरी जागेवर आहे का? आमच्या दोन "बिघाडां"चं कारण एवढंच निघालं होतं. इंजिन सुरू होऊन पाच मिनिटांत गुदमरल्यासारखं बंद पडतंय? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल. नळीवरचा रबरी फुगा दाबून कडक होत नसेल तर नळीत कुठून तरी हवा शिरते आहे. मग प्लग काढून बघा. ओला असेल तर पुसून, वाळवून परत लावा.

इंजिन चालतंय पण होडी हलत नाही, असं झालं तर लहान इंजिनात पाण्यातल्या पंख्याची पिन तुटलेली असते, मोठ्यात पंख्याच्या आतलं रबर सरकलेलं असतं. पिन असलेलं इंजिन असेल तर दोन जादा पिना आणि पक्कड डब्यात ठेवा.

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक चूळ पडत असते, तिच्याकडं सारखं लक्ष हवं. ती थांबली की ताबडतोब इंजिन बंद. उन्हाळ्यात कृष्णेत जलपर्णी वाढते, तिची मुळं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पाणी ओढायच्या जाळीत अडकतात. जाळी साफ करूनही चूळ आली नाही तर आतला रबरी इंपेलर (थंड करायला पाणी ओढणारं चक्र) गेलेला असतो. तो स्वस्तात मिळतो. तो बदलायचा राहून इंजिन तापलं तर मात्र सिलिंडरपर्यंत काम जातं. "जरा चालू होतंय का बघू" म्हणून इंजिन जमिनीवर कोरडं चालवू नका, इंपेलर तेवढ्यातच फाटतो. पाण्याच्या पिंपात बुडवूनच बघा.

वर्षातून एकदा गिअर ऑइल सोडून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. सील बदलून घ्या, गिअरबॉक्सवर वेळ येऊ देऊ नका.

कोकणातलं इंजिन स्वस्त मिळालं म्हणून घेणं

जुनं इंजिन घेण्यात काही वाईट नाही, आमचंही जुनंच आहे. पण समुद्रात चाललेलं इंजिन बाहेरून रंगवलेलं असतं आणि आतल्या पाण्याच्या वाटा मिठानं भरलेल्या असतात. स्क्रू फिरवायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. घ्यायच्या आधी ते पिंपात पंधरा मिनिटं चालवून बघा, चूळ जोरात येते का आणि किती गरम येते ते हात लावून बघा, गिअर ऑइल सोडायला सांगा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर न घेताच परत या.

जॅकेटवर पैसे वाचवणं

बाकी सगळीकडं काटकसर करा, इथं नको. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ती आपलीच माणसं होती, आणि तो दिवस या नदीवर होडी ठेवणाऱ्या कुणालाही विसरता येणार नाही. आमच्या होडीत चौघांच्या वर माणूस बसत नाही, पाहुणा आला तर आमच्यातला एक काठावर थांबतो.

जॅकेट घेताना आत किती न्यूटन (तरंगवायचा जोर) लिहिलंय ते बघा. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी, न येणाऱ्यासाठी किमान १०० चं. ते उन्हात वाळत टाकू नका, कापड आणि शिलाई उन्हानं कुजते. वर्षातून एकदा उथळ पाण्यात घालून तरंगून बघा. स्वस्तातल्या हवेच्या होडीबद्दलही तेच. तळ्यात ठीक आहे, पण औदुंबर-भिलवडीच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत, तिथं ती नेऊ नका.

खर्च भागवायला भाडं घेणं

पेट्रोल निघावं म्हणून पाहुण्यांकडून पैसे घेऊन फेरी मारावी, हा विचार आमच्याही मनात आला होता. सोडून दिला. भाडं घेतलं की व्यवसाय झाला, त्याचे नियम वेगळे आणि अपघात झाला तर जबाबदारीही वेगळी. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ आहे. इंजिनाच्या होडीला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर जलसंपदा विभागाची परवानगीही आधी घ्या. धोम असो वा कण्हेर, "कुणी विचारत नाही" यावर विसंबून राहू नका.

त्यापेक्षा आम्ही भिशीसारखं केलं. चौघांनी दर महिन्याला ५०० रुपये टाकायचे, होडी काढली तरी आणि नाही काढली तरी. वर्षाचे २४,००० होतात. पेट्रोल ज्यानं त्यानं आपल्या फेरीचं घालायचं, भिशीतून फक्त देखभाल, टेम्पो आणि विमा. आधी काही मोडलं की वर्गणी काढायचो, तेव्हा कुणाकडं पैसे नसायचे आणि काम लांबायचं. लांबलं की वाढायचं.

स्वतःची होडी नसेल तर

बामणोली, तापोळा, मुनावळे ही शिवसागराकाठची, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याकाठची गावं तुम्हाला जवळ असतील तर होडी विकत घ्यायची गरजही नाही. तिथं चूक होते ती माणशी हिशेब धरून जाण्यात. होडीचं भाडं बहुतेक ठिकाणी अख्ख्या होडीचं असतं. दोघंच गेलात तर महाग, सात-आठ जण मिळून गेलात तर तीच फेरी परवडते. कुठवर नेणार, किती वेळ थांबणार आणि परत कधी आणणार हे निघायच्या आधी बोलून घ्या. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर वनखात्याची परवानगी बामणोलीत घ्यावी लागते आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं, म्हणून सकाळी लवकर पोचा, उशिरा पोचलात तर भाडं भरूनही गड अर्धाच होतो. एप्रिल-मेमध्ये कोयनेचं पाणी खूप खाली जातं, काठाला चिखल आणि जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. तेव्हा नावाडी लांबच्या वाटेनं नेत असेल तर घासाघीस करू नका, तो पंखा वाचवतोय.

आणि पैसे द्यायच्या आधी जॅकेट मागा. मोठ्यांची मिळतात, लहान मुलांच्या मापाची मिळतीलच असं नाही. ती घरून घेऊन जा.